कपाटातली हलगी

राजानंदमास्तर घाबरले, असं सांगितलं तर जालन्यात एकही माणूस विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये. ज्या माणसानं बिशपांना तोंडावर सांगितलं होतं की आपल्याला एकदा चर्चच्या मिस्सेत, भर उपासनेत, वाजवता वाजवता शिंक आली तेव्हा पेटी दोन कडवी आपोआप वाजत राहिली, भाता कुणी हलवला ते देवालाच ठाऊक, आणि बिशपांनीही ज्याच्यापुढं मुकाट मान डोलावली, तो कशाला घाबरेल? पण घाबरले. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला तिसरा रविवार, दुपारचे साडेतीन. कारखान्यांकडचा धूर उन्हात पिवळट होऊन चर्चच्या कौलांवर बसलेला. मास्तर रिक्षातून उतरले, कमरेची किल्ली सवयीनं चाचपली, फाटकाच्या कडीला हात घातला, आणि आतून हलगी वाजली. हात कडीवरच राहिला. कडी तापलेली होती, बोटं भाजत होती, तरी राहिला. रिक्षावाला सुट्टे घ्या म्हणत होता, त्याचंही ऐकू आलं नाही.

हलगी तशी जालन्यात रोज वाजते. वराती असतात, गल्लीतला गणपती असतो, निवडणुकीचा गुलाल असतो. अशा वेळी मास्तर खिडकी ओढून घ्यायचे आणि बायको होती तोवर तिला म्हणायचे, 'बडवून राह्यले बघ पोटासाठी.' पण ही वरातीची हलगी नव्हती. उजव्या हातातल्या टिपरूचे तीन ठोके जलद, त्यांच्यामधून डाव्या हातातली बारीक काडी उंदरासारखी पळालेली, आणि चौथा ठोका पडलाच नाही. तो पडायचाच नसतो. तिथं एक भोक असतं, आणि ऐकणाऱ्याच्या छातीतला ठोका त्या भोकात पडतो. असं वाजवणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच होता, तो म्हणजे सांडू, मास्तरांचा थोरला भाऊ, आणि त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. मास्तरांनीच त्याच्यावर पहिली मूठ माती टाकली होती. माती झटकून ते लगेच पेटीवर बसले होते आणि मुद्दाम काळी चारमध्ये सूर धरला होता, म्हणजे रडून रडून घसा बसलेल्या बायकांना तो गाठता येऊ नये.

ही त्यांची जुनी खोड. देवानं प्रत्येकाला काही ना काही हत्यार दिलेलं असतं, मास्तरांना पट्टी दिली होती. ज्याच्यावर राग, त्याचं गाणं दोन सूर वर. गेल्या नाताळात तृप्तीनं, जी रविवारी स्तोत्र म्हणते, सगळ्यांसमोर विचारलं, 'मास्तर, कीबोर्ड घ्यायचा का आपण?' मास्तर हसले. पुढच्या रविवारी तिचं स्तोत्र त्यांनी अशा पट्टीत सुरू केलं की तिसऱ्या ओळीला पोरीचा आवाज मडक्यासारखा फुटला, आणि मागच्या बाकांवर कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. मास्तरांनी पेटीवरून मान वर केली नाही. चेहऱ्यावर भक्ती होती. भक्तीचा चेहरा ठेवणं काही अवघड नसतं, भाता ओढताना तो आपोआप होतो.

पण आता कडीवर हात ठेवून उभ्या असलेल्या मास्तरांच्या नाकात भलताच वास आला. जळत्या कडब्याचा. वडीगोद्रीच्या पलीकडं, हमरस्ता सोडून आत, गावाच्या कडेला त्यांचं घर होतं, आणि लग्नसराईत बाप हलगी शेकायला बसला की कडब्याची चूड धरायचं काम राजानंदचं. चामडं शेकल्याशिवाय हलगी बोलत नाही. आच लागली की ते ताणतं, आणि एका क्षणाला, फार थोडा वेळ, बोट लावलं तर आतून कुणीतरी हाक मारावी तसं वाजतं. तो क्षण सांडूला न पाहता कळायचा. राजानंदला कळायचा नाही. बापानं एकदाच त्याच्या हातात टिपरू दिलं, चार ठोके ऐकले आणि टिपरू काढून घेतलं. म्हणाला, 'तुजा हात जेवायचा हाय, वाजवायचा न्हाई.' आणि सांडू हसला. वाईट हसला नाही, पोरं हसतात तसा हसला. पण मास्तरांना चौऱ्याहत्तराव्या वर्षीही त्या हसण्यातला प्रत्येक दात मोजून दाखवता आला असता.

मग दुसऱ्यांच्या नवरदेवापुढं बाप आणि सांडू वाजवत चालायचे, मागं हा विझलेली चूड घेऊन. पंगती उठल्या की तिघांना गोठ्याच्या भिंतीशी बसवायचे आणि वाढणारा उभ्यानंच, हात लांब करून, पोळी वरून पत्रावळीत टाकायचा. पोळी पडल्याचा आवाज यायचा. सांडू ती खायचा, मन लावून खायचा, वर 'अजून येऊ द्या' म्हणायचा. राजानंदला तेव्हा वाढणाऱ्याचा राग यायला हवा होता. आला नाही. राग आला तो हलगीचा. ही नसती तर आपण इथं बसलोच नसतो, असं त्या दहा वर्षांच्या पोरानं ठरवून टाकलं, आणि ज्या गोष्टी दहाव्या वर्षी ठरतात त्या माणूस पुढं तपासत नाही. मिशनच्या बोर्डिंगात गेल्यावर फादरांनी पेटी दाखवली. पेटीला विस्तव लागत नव्हता. पेटी वाजवणारा खाली मांडी घालून बसतो आणि लोक त्याच्याभोवती उभे राहतात. बस. त्याला आणखी काही नको होतं.

आत हलगी पुन्हा सुरू झाली. तीन ठोके, आणि भोक. मास्तरांनी कडी जोरात काढली.

चिंचेखाली दीपमाला उभी होती, सांडूची नात, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. जीन्स, वर ओढणी कमरेला गाठ मारून, आणि गळ्यात हलगी. तिची आजी गोपिकाबाई हॉलच्या पायरीवर बसून ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत होती. सांडूची बायको. मास्तरांना पाहून तिनं पदर डोक्यावर सारखा केला आणि पुन्हा घाट्यांकडं वळली.

'काय चाल्लंय गं?' मास्तर लांबूनच ओरडले. 'उपवासकाळ हाय का वरात?'

'चर्चमधे न्हाई मास्तरबाबा, चिंचेखाली वाजवून राह्यले.'

'चिंच चर्चचीच हाय.'

'मंग चिमण्यांना पण सांगा की जरा. सकाळपासून ओरडून राह्यल्यात.'

पायरीवरून खुसफुस हसू आलं की काय, मास्तरांना कळलं नाही. गोपिकाबाईची मान खालीच होती. मास्तर जवळ गेले. आवाज खाली आणून, चौकशी केल्यासारखं दाखवून, त्यांनी विचारलं, 'हे कुणी शिकवलं तुला?'

'आबांनी.'

'खोटं बोलू नको. तू जन्मायच्या कितीतरी आधी तुझ्या आबानं हलगी सोडली. मरेस्तोवर हात लावला न्हाई.'

'हलगीला न्हाई लावला,' पोरगी म्हणाली. 'माझ्या पाठीला लावला. झोपवताना थापटायचे ना, ते असंच. एक दोन तीन, आणि थांबायचे. मी चौथ्याची वाट बघत बघत झोपून जायची.'

म्हणजे सांडू थांबलाच नव्हता. फाटकाबाहेर लिंबाखाली पंचवीस वर्षं बसून राहिलेला माणूस, मोंढ्यात पोती उचलून रविवारी धुतलेला सदरा घालून यायचा, आत यायचा नाही, मिस्सा सुटेपर्यंत सायकलींकडं बघत बसायचा, तो घरी जाऊन एका लेकराच्या पाठीवर वाजवत होता. आणि आपण समजत होतो की बंद केलं. मास्तरांना फसवल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं. चोराच्या घरी चोरी झाली की चोर जितका दुखावतो तितकं दुसरं कुणी दुखावत नाही.

हॉलमध्ये उपासनासमितीची बैठक होती. समिती म्हणजे फादर अंगद, मास्तर आणि तृप्ती. आज दीपमालालाही बोलावलं होतं, आणि तिच्यामागून गोपिकाबाई घाट्यांची परडी घेऊन दाराशी भुईवर येऊन टेकली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण तिला कधीच कुणी बोलवत नसे आणि ती कधीच चुकत नसे. फादर अंगद जाफराबादकडचे, चौतीस वर्षांचे. आधीचे सगळे फादर बाहेरून आलेले, हाच पहिला या मातीतला. त्यांनी वही उघडली आणि सरळच बोलले.

'मास्तर, विषय तुम्हाला माहिती हाय. पास्खाच्या जागरणाला, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री, ग्लोरियाच्या गाण्याला, हलगी वाजवू द्यायची का. लोकांची मागणी हाय. मी पुस्तक बघितलं. पुस्तक म्हणतं, पहिला मान ऑर्गनचा. दुसरी वाद्यं चालतात, पण ती उपासनेला योग्य पाहिजेत, न्हाईतर योग्य करता आली पाहिजेत. मंदिराला शोभली पाहिजेत, ऐकून माणसाची श्रद्धा वाढली पाहिजे. आता हलगी शोभते का न्हाई हे रोमला बसून कळत न्हाई. इथल्या माणसाला हलगीत काय ऐकू येतं ते इथल्याच माणसाला विचारावं लागतं. तुमच्याएवढं जुनं कुणी राह्यलं न्हाई. तुम्ही न्हाई म्हणलात तर न्हाई. बिलकुल विषय बंद, मी परत काढणार न्हाई.'

दीपमाला मास्तरांकडं पाहत होती. हलगी तिच्या मांडीवर उताणी पडली होती. अशा उताण्या हलगीकडं पाहवत नाही, पोट दाखवून झोपलेल्या जनावरासारखी दिसते. मास्तरांना फक्त मान हलवायची होती. 'नाही' म्हणून उठले असते तर ती वस्तू आणखी पन्नास वर्षं चिंचेच्या पुढं आली नसती, आणि पन्नास वर्षांनी विचारायला कोण राहणार होतं? पण नुसतं नाही म्हणणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं. आणि दुसरं असं, की या नाहीवर त्यांचा सगळा जन्म उभा होता. त्या एका रात्रीपासून लोक त्यांच्या पेटीला पाया पडून जायचे. ज्याचं वाद्य देवानं ठेवून घेतलं तो राजानंद, ज्याचं फाडून टाकलं तो सांडू, असं मांडून ठेवलेलं होतं. त्यातली एक बाजू हलली तर दुसरी कशावर राहणार? मास्तरांनी घसा साफ केला, पाणी मागितलं. तृप्तीनं पेला आणून दिला. पेला गार होता, बाहेरून ओला. ती ओल तळव्याला लागली आणि छत्तीस वर्षांपूर्वीचा शुक्रवार सरळ हॉलमध्ये येऊन बसला.

तेव्हाचे फादर दक्षिणेकडचे, करारी. हलगी वाजवू द्या म्हणून लोकांनी दोन वर्षं विनवण्या केल्या तेव्हा कुठं ते म्हणाले, ठीक आहे, एकदाच, ग्लोरियाला, बघू. ग्लोरियालाच का, तर ईस्टरआधीच्या गुरुवारच्या ग्लोरियानंतर चर्चमधली सगळी वाद्यं मुकी होतात. प्रभू मरणार असतो. घंटा बांधून ठेवतात, घंटेऐवजी लाकडी खटखट्या वाजवतात, पेटी कपाटात जाते. शनिवारी अंधार पडल्यावर अंगणात नवा अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती, मेणबत्तीवरून सगळ्यांच्या मेणबत्त्या. आत मग वाचनामागून वाचनं, आणि ती संपली की एकदम ग्लोरिया, सगळे दिवे, सगळ्या घंटा, सगळी वाद्यं. दोन दिवसांची मुकी वाद्यं एकदम ओरडतात. त्यात हलगी! सांडू वेडा झाला होता. नवं चामडं आणलं, स्वतः मढवलं, आठ दिवस उन्हा-सावलीत फिरवत राहिला. गुरुवारी रात्री सगळ्या वाद्यांबरोबर तीही कपाटात गेली, नियम म्हणजे नियम. कपाटाची किल्ली राजानंदकडं. सांडूनं हलगी तान्ह्या लेकरासारखी दोन्ही हातांवर ठेवून दिली होती. 'जप रं राज्या. वर काही ठेवू नको. वारा लागू दे तिला.'

शुक्रवारी तीन वाजता सगळा धर्मग्राम बाहेर उन्हात क्रूसाच्या वाटेवर होता. चर्चला वळसा घालून चौदा स्थानं, प्रत्येक स्थानाला गुडघे टेकायचे. फादरांचे झगे ठेवायच्या खोलीत, वस्त्रालयात, राजानंद एकटा. बाहेर अकरावं स्थान आलं, जिथं खिळे ठोकतात, खटखट्या वाजला, खट खट खट, आणि त्यानं कपाट उघडलं. मग्यात पाणी होतं. वेदी पुसायचं फडकं होतं. फडकं भिजवून, पिळून नाही, नुसतं भिजवून, त्यानं चामड्यावर पसरलं. काय वाटलं तेव्हा? लोक म्हणतात हात कापतो, घाम येतो. काही नाही. चामडं पाणी प्यालं. तळव्याखाली ते आजारी बैलाच्या नाकासारखं गार आणि मऊ होत गेलं, आणि राजानंदला एक फार जुनी, फार गोड झोप आल्यासारखी वाटली. त्यानं बोटानं वाजवून पाहिलं. भद्. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसं. पुन्हा वाजवलं, भद्. बाहेर लोक गात होते, वाद्याशिवाय, सगळे बेसूर. त्याला वाटलं, आता बरोबर आहे. शनिवारी सकाळी त्यानं फडकं पुन्हा भिजवलं.

शनिवारी, तिसरं वाचन चाललं होतं, तांबडा समुद्र दुभंगतो ते. अंधारात सगळ्यांच्या हातात मेणबत्त्या. राजानंदनं हलगी सांडूच्या हातात दिली. सांडूनं टिचकी मारली. त्या मेणबत्तीच्या उजेडात त्याचा चेहरा राजानंदनं पाहिला, आणि खरं सांगायचं तर त्या एका चेहऱ्यासाठी त्यानं चाळीस वर्षं वाट पाहिली असती. दहाव्या वर्षीचे ते सगळे दात आत गेले होते.

'राज्या, मेलीय ही.'

'दमट हवा हाय दादा. शेक की जरा.'

'इथं इस्तू कुठला?'

'बाहेर हाय की. पेटलेलाच हाय.'

'तो देवाचा इस्तू हाय रं.'

'मंग हलगी कुणाची हाय?' राजानंद म्हणाला.

सांडूला ते पटलं. त्याला असलंच पटायचं. हलगी शेकल्याशिवाय बोलत नाही हे त्याला बापानं शिकवलं होतं, आणि शेकायला विस्तव लागतो, आणि विस्तव दारात होता. दुसरा कुणी असता तर दहादा विचार करता, फादरांनी मंतरलेल्या अग्नीवर चामडं धरायचं का. पण हलगीवाल्याला आग दिसली की फक्त आच दिसते. तो वाकून, बाकांच्या कडेकडेनं, बाहेर गेला. ओलं चामडं हळू शेकावं लागतं, घटका घटका थांबून. त्याच्याकडं तेवढी वाचनं उरली नव्हती. त्यानं ज्वाळेत धरली. ग्लोरिया सुरू झाला, घंटा वाजल्या, दिवे लागले, राजानंदनं दोन दिवसांचा सगळा भाता पेटीत रिकामा केला, आणि हलगी आली नाही. लोकांनी वळून पाहिलं. दार सताड उघडं, अंगणात पवित्र अग्नी, अग्नीपुढं गुडघ्यावर सांडू, आणि त्याच्या दोन हातांत हलगी. आणि ती फाटली. आत पेटी, घंटा, दोनशे माणसं गात होती, तरी तो आवाज आला. फादर वेदीवरून पाहत राहिले. मिस्सा संपल्यावर त्यांनी राजानंदला विचारलं, हे काय? राजानंद एवढंच म्हणाला, 'फादर, देवानं उत्तर दिलं.' एकच वाक्य. बाकीची सगळी गोष्ट नंतर हळूहळू उगवली, केस उगवतात तशी.

सांडू चार दिवसांनी घरी आला. बसला नाही. उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, 'राज्या, तू शिकलेला हायस. देवानं मला न्हाई म्हणलं का रं?'

'दिसतंय तर तसंच, दादा,' राजानंद म्हणाला, आणि चहाचं विचारलं.

तृप्तीनं पेला काढून घेतला. मास्तरांनी तळवा पायजम्याला पुसला आणि सुरुवात केली. अशी सुरुवात त्यांनी यापूर्वी शंभरदा केली असेल, नाताळच्या जेवणात, बाप्तिस्म्यांत, एकदा तर सांडूच्याच तिसाव्या दिवसाच्या मिस्सेनंतर, भजी खाता खाता. पण आज त्यांना स्वतःलाच जाणवलं की आपण कधी नव्हे इतकं चांगलं सांगून राह्यलोय. पवित्र अग्नी त्यांनी आधी पुरुषभर उंच केला, मग कौलांच्या वर नेला. ज्वाळेचा रंग निळा केला. फाटकावरचं कुत्रं भुंकायचं थांबवलं. सांडूबद्दल एक शब्द वाईट काढला नाही. 'माझा भाऊ देवमाणूस होता,' ते म्हणाले आणि डोळे पुसले, आणि डोळ्यांत पाणी खरोखरच होतं, ते कुठून आलं याचं त्यांनाही नवल वाटलं. 'पण वाद्याला स्वतःचं कर्म असतं फादर. ग्लोरियाचा पहिला शब्द निघाला आणि दादाच्या हातातून हलगी वीतभर वर उचलली गेली. मी पाहिली. कुणाचा हात न्हाई, काही न्हाई. हवेत. आणि वरपासून खालपर्यंत, मधोमध, फाटली. प्रभूनं प्राण सोडला तेव्हा देवळाचा पडदा कसा फाटला? तशी. माणसाच्या हातानं फाटली असती तर मी आज हो म्हणलो असतो. पण देवानं ज्याला न्हाई म्हणलं त्याला आपण हो कसं म्हणायचं?'

तृप्तीनं कपाळाला, छातीला बोटं लावली. दीपमालाचा हात इतका वेळ हलगीच्या कडेवर होता, तो तिनं उचलला, तव्यावरून उचलावा तसा, आणि ओढणीत लपवला. मास्तरांनी ते पाहिलं. त्यांना जिभेवर चव आली, खरोखरची चव, गूळ चाटल्यासारखी. पोरगी हलगी मांडीवरून खाली ठेवत होती. सावकाश, आवाज होऊ न देता, भुईवर, भिंतीकडं तोंड करून. आता पाठीवर थापटलेलंही गेलं, मास्तरांना वाटलं, आता तो सगळाच गेला.

फादर अंगदांनी पेन उघडलं होतं. लिहिलं मात्र नाही. ते शेतकऱ्याच्या घरचे. चमत्कारापुढं मान झुकली तरी त्यांचं एक बोट मातीत असायचं. 'मास्तर,' ते जरा संकोचून म्हणाले, 'राग मानू नका. वहीत लिहायचं म्हणून विचारून राह्यलो. दोन दिवस हलगी बंद कपाटात होती ना? चामडं दमट झालं असेल का? दमट चामड्याला एकदम आच लागली तर ते तसंही फाटतं. आमच्याकडं पोळ्याला असं एकदा झालं होतं.'

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. गोष्ट नेहमी अग्नीपासून सुरू व्हायची. कपाट तिच्यात कधी नव्हतंच. मास्तरांना वाटलं पेल्याची ओल अजून तळव्याला आहे, आणि सगळ्यांना ती दिसतेय. पोटात काहीतरी भद् वाजलं. पण छत्तीस वर्षं सरावलेली जीभ पोटाला विचारत बसत नाही. ती पुढं निघून गेली होती.

'दमट?' मास्तर हसले. 'फादर, काय बोलता! कपाट माझ्या ताब्यात. माझ्या सख्ख्या भावाची हलगी, मी दमट होऊ देईन? मी स्वतः काढून दिली त्याच्या हातात. माझ्यासमोर टिचकी मारली त्यानं. आहाहा! चांदीच्या ताटासारखी खणखणली. कोरडी ठणठणीत! तिसरं वाचन चाललं होतं, वाचणारा दचकून थांबला, एवढी वाजली. दादा मला म्हणला, राज्या, अशी तर बापाची पण कधी बोलली न्हाई. असं म्हणला आणि मंग बाहेर गेला.'

फादर अंगदांनी मान हलवली आणि पेन कागदाला लावलं. हॉलमध्ये पंख्याचा आवाज होता, आणि दाराशी घाटे सोलल्याचा बारीक आवाज होता. तो दुसरा आवाज थांबला. गोपिकाबाईनं परडी मांडीवरून बाजूला ठेवली. ती उठली नाही. या हॉलमध्ये इतक्या वर्षांत ती कधी बोललेली नव्हती, त्यामुळं फादरांना आधी कळलंच नाही की कोण बोलतंय.

'भावजी,' ती म्हणाली, 'एवढी खणखणत होती, तर मंग ते शेकायला कशाला गेल्ते?'